रसाभासाचा आस्वाद आणि मूल्यविवेकाची लाज

एखादी कलाकृती वाईट आहे हे पुरते ठाऊक असूनही, किंबहुना ती वाईट आहे म्हणूनच, तिच्यात रमण्याची एक रीत अमेरिकन चित्रपटसंस्कृतीत गेल्या काही दशकांत चांगलीच रुळली आहे. नाताळाच्या सुमारास मित्रमंडळी जमतात आणि सांताक्लॉजच्या वेषातील खुनी दाखवणारा एखादा जुना, भिकार भयपट लावून पोट धरधरून हसतात. या हसण्यात आक्षेपार्ह काही नाही. तो आनंद निखळ आहे. आक्षेप आहे तो या हसण्याच्या वतीने विद्यापीठांतून मांडल्या जाणाऱ्या कैफियतीला. चांगले-वाईट हे भेद सांस्कृतिक सत्तेने लादलेले असतात, वाईटावर लुब्ध होणारा प्रेक्षक ती सत्ता झुगारतो, म्हणून त्याचे हसणे ही प्रतिकाराची कृती होय, असे ही कैफियत सांगते. ती ऐकायला धीट वाटते. ती चूक आहे. आणि ज्या आनंदाची ती बाजू घेते त्याच्याच मुळावर ती घाव घालते.

या कैफियतीची वंशावळ प्रतिष्ठित आहे. सुझन सोन्टॅग यांची 'कॅम्प'विषयक टिपणे १९६४ साली 'पार्टिझन रिव्ह्यू'त प्रसिद्ध झाली. अभिरुची ही वर्गीय प्रतिष्ठेची खूण कशी बनते, हे पिएर बोर्द्यू यांनी १९७९ च्या आपल्या ग्रंथात दाखवले. जेफ्री स्कॉन्स यांनी १९९५ साली 'स्क्रीन' या नियतकालिकातील निबंधात टाकाऊ चित्रपट पाहण्याच्या या पद्धतीला 'पॅरासिनेमा' ही संज्ञा वापरली आणि तिच्यात प्रस्थापित अभिरुचीला दिलेले आव्हान पाहिले. या तिघांचे मूळ विवेचन बारीक आणि सावध आहे. सोन्टॅग भाबडा कॅम्प आणि जाणूनबुजून केलेला कॅम्प यांत कटाक्षाने फरक करतात. टाकाऊचा चाहता स्वतःच पुष्कळदा सुशिक्षित असतो आणि शिक्षणातून मिळालेले भांडवलच तो तेथे खर्च करतो, हे स्कॉन्स यांच्या नजरेतून सुटलेले नाही. अनुयायांनी हा सावधपणा वाटेतच टाकून दिला. उरले ते एक सूत्र : मूल्यमापन म्हणजे दडपशाही. प्रबंधाच्या पहिल्या प्रकरणात ते घालून ठेवले की पुढच्या प्रकरणांत काही चांगले आहे की वाईट, हे सांगण्याच्या जोखमीतून सुटका होते.

असले वाद हवेत चालवण्यात अर्थ नसतो. एक नमुना समोर ठेवावा, आणि तोही काठावर उत्तीर्ण होणारा नको. ज्याच्या वाईटपणाबद्दल दुमत संभवत नाही असाच हवा. ली हॅरी दिग्दर्शित 'सायलेंट नाइट, डेडली नाइट : पार्ट टू' हा १९८७ सालचा चित्रपट ही कसोटी सहज पार करतो. त्याच्याकडे वळण्यापूर्वी पहिल्या भागाची हकिगत सांगणे भाग आहे, कारण ती नसेल तर दुसऱ्याचा विनोद अर्धाच कळतो.

चार्ल्स सेलियर यांनी दिग्दर्शित केलेला पहिला चित्रपट ९ नोव्हेंबर १९८४ रोजी अमेरिकेत प्रदर्शित झाला. वेस क्रेव्हन यांचा 'अ नाइटमेअर ऑन एल्म स्ट्रीट' हा पुढे भयपटांच्या इतिहासात मानाचे स्थान मिळवणारा चित्रपट त्याच दिवशी आला होता, आणि पहिल्या आठवडाअखेरच्या गल्ल्यात सेलियर यांचा चित्रपट त्याच्या पुढे होता. बिली नावाच्या मुलाच्या डोळ्यांदेखत सांताक्लॉजचा वेष केलेला एक लुटारू त्याच्या आईबापांचा जीव घेतो. मुलगा अनाथालयात वाढतो, तेथल्या मठाधिकारिणीच्या शिक्षांखाली पिचतो, पुढे खेळण्यांच्या दुकानात नोकरीला लागतो. नाताळात मालक त्यालाच सांता बनवून गिऱ्हाइकांच्या मुलांपुढे बसवतो. पुढे काय होते ते सांगण्याची गरज नाही. कुऱ्हाड घेऊन धुराड्यात उतरणाऱ्या सांताची जाहिरात मुले दूरचित्रवाणीसमोर असण्याच्या वेळी झळकली आणि पालक खवळले. मिलवॉकीसारख्या शहरांत निदर्शने झाली. जीन सिस्केल आणि रॉजर एबर्ट यांच्या दूरचित्रवाणी कार्यक्रमात सिस्केल यांनी चित्रपटकर्त्यांची नावे एकेक करून वाचली आणि त्यांना जाहीरपणे लाज काढून दाखवली. निर्मितीसंस्थेने आधी जाहिराती, मग चित्रपटच मागे घेतला. निषेध करणाऱ्यांत अभिनेते मिकी रूनी हेही होते. १९९१ साली याच मालिकेच्या पाचव्या भागात त्यांनी खेळणी बनवणाऱ्याची भूमिका केली, ही त्या नैतिक संतापाची पुढची कहाणी.

पहिला भाग थोर नाही, पण त्याला एक आशयसूत्र आहे. भेटवस्तू आणणारा हा म्हातारा वर्षभर मुलांच्या चांगल्या-वाईट वागणुकीचा हिशेबही ठेवतो. म्हणजे लाडाच्या लोककथेत शिक्षेची धमकी आधीपासूनच दडलेली आहे. बिली त्या धमकीला शब्दशः खरी मानतो. अमेरिकन भयपटात समाजाने दडपलेलेच परत येते, असे प्रतिपादन रॉबिन वुड यांनी १९७९ साली केले होते. त्या अंगाने या चित्रपटाचे वाचन करता येते, आणि ते अगदीच ओढूनताणून आणलेले ठरणार नाही.

दुसऱ्या भागाची गोष्ट वेगळी. मागे घेतलेल्या पहिल्या चित्रपटाचीच फीत कापून, जोडून नवा चित्रपट म्हणून खपवावी, असा निर्मात्यांचा मूळ बेत होता. व्यवसायाने संकलक असलेल्या हॅरी यांनी थोडे नवे चित्रीकरण करू देण्याची गळ घातली आणि थोड्या दिवसांत, थोड्या पैशांत ते उरकले. परिणामी सुमारे ८८ मिनिटांच्या चित्रपटात जवळजवळ ४० मिनिटे जुनाच चित्रपट दिसतो. बिलीचा धाकटा भाऊ रिकी वेड्यांच्या इस्पितळात मनोविकारतज्ज्ञासमोर बसून आठवणी सांगतो. आणि या आठवणी म्हणजे पहिल्या भागातील दृश्ये. त्यांतल्या कित्येक घटना घडल्या तेव्हा रिकी तेथे नव्हता. आईबापांच्या खुनाच्या वेळी तर तो तान्हे मूल होता. तरीही पहिल्या चित्रपटातले सगळे कॅमेराकोन त्याला तंतोतंत आठवतात. पुढे तो प्रेयसीला घेऊन चित्रपट पाहायला जातो. पडद्यावर सांताच्या वेषातला खुनी असतो. प्रसंग पहिल्या भागातला आहे. म्हणजे जे याच माणसाच्या आयुष्यात घडले म्हणून प्रेक्षकाने आतापर्यंत पाहिले, तेच आता तो तिकीट काढून करमणूक म्हणून पाहतो आहे. एखाद्या उत्तराधुनिक कादंबरीकाराला हे सुचले असते तर त्यावर परिसंवाद झाले असते. येथे ते काटकसरीतून झाले.

आणि मग एरिक फ्रीमन यांच्या भुवया. रिकीची भूमिका करणाऱ्या या नटाने क्रौर्य, खेद, प्रेम, उपरोध हे सगळे भुवयांवर सोपवले आहे. प्रत्येक शब्द उच्चारताना एक भुवई वर जाते, कधी दोन्ही. वाक्याशी त्यांचा संबंध असेलच असे नाही. शेवटाकडे रिकी पिस्तूल घेऊन एका शांत उपनगरी रस्त्यावरून चालत सुटतो. एक गृहस्थ घराबाहेर कचऱ्याचा डबा ठेवायला आलेला असतो. रिकी त्याला पाहतो, 'गार्बेज डे!' असे ओरडतो आणि गोळी झाडतो. आज कचरा न्यायचा वार आहे, एवढाच त्या दोन शब्दांचा अर्थ. हे दोन शब्द आज जगभर लाखो लोकांना पाठ आहेत. चित्रपट त्यांनी पाहिलेला असो वा नसो. त्यानंतर रिकी जे हसतो, ते हसणे कोठून सुरू झाले आणि कशासाठी, हे कोणालाच सांगता यायचे नाही.

हे हास्य कसे उद्भवते? सोन्टॅग यांचे उत्तर असे की गांभीर्याचा प्रामाणिक प्रयत्न फसला म्हणजे. उत्तर बरोबर आहे, पण अपुरे आहे. कारण फसलेले गंभीर चित्रपट असंख्य आहेत आणि त्यांतले बहुतेक केवळ कंटाळवाणे आहेत. येथे भारतीय काव्यशास्त्राकडे अधिक नेमके हत्यार आहे, आणि मराठी समीक्षकाला ते हाताशी असून त्याने ते गंजू दिले आहे. शृंगाराच्या अनुकृतीतून हास्य होते, असे भरत म्हणतो. अभिनवगुप्त त्याचा विस्तार करतो : शृंगारच नव्हे, कोणत्याही रसाचा आभास झाला की तेथे हास्याला जागा होते, कारण हास्याचे बीज अनौचित्यात आहे. नाट्यशास्त्राच्या रसाध्यायावरील अभिनवभारती र. पं. कंगले यांनी मराठीत आणून ठेवली आहे, तेव्हा हे अवघड संस्कृतात दडले आहे, अशी सबब सांगता येणार नाही.

या चौकटीतून पाहिले म्हणजे रसाचा अभाव आणि रसाचा आभास या दोन अगदी निराळ्या गोष्टी आहेत, हे स्पष्ट होते. अभावात काहीच जुळवलेले नसते. म्हणून तेथे जांभई येते. आभासात सगळी सामग्री जुळवलेली असते. अंधार आहे, कुऱ्हाड आहे, रक्तवर्ण पोशाख आहे, एकटे सापडलेले माणूस आहे. भयानकाचे विभाव शास्त्रोक्त मांडलेले आहेत. घसरण होते ती अनुभावात. भय उत्पन्न व्हावे अशा नेमक्या क्षणी भुवई वर जाते. रसप्रतीतीच्या आड येणारी जी विघ्ने अभिनवगुप्त मोजतो, त्यांतले पहिले म्हणजे जे दाखवले ते संभवनीय न वाटणे. तान्ह्या मुलाच्या आठवणी हे त्याचे आदर्श उदाहरण म्हणून वर्गात सांगता येईल. मात्र या विघ्नाने रस नुसता मोडत नाही, त्याच्या मोडण्याला आकार येतो. म्हणून पाहणारा उठून जात नाही. पुढची घसरण कोठे होते याची तो वाट पाहू लागतो.

यापुढचा मुद्दा प्रस्तुत वादात निर्णायक आहे. सीतेविषयी रावणाला वाटणाऱ्या अभिलाषेचे उदाहरण देऊन अभिनवगुप्त 'लोचना'त असे विवेचन करतो की तन्मयतेच्या अवस्थेत रावणाचे बोल शृंगारासारखेच भासतात. पूर्वापरसंबंधाचा विवेक जागा झाला म्हणजे मग हा आभास होता हे कळते, आणि तेथे हास्य येते. म्हणजे रसाभासातून येणारे हास्य हे विवेकाचे अपत्य आहे. ज्याचा विवेक झोपला आहे त्याला आभासही रसच वाटेल; त्याला भीती वाटेल, हसू येणार नाही. आणि ज्याने विवेकच नाकारला आहे, औचित्य म्हणजे उच्चवर्णीयांचा किंवा उच्चवर्गीयांचा कावा, असे ज्याने ठरवून टाकले आहे, त्याला ना भय ना हास्य. त्याच्यासाठी फ्रीमनची भुवई ही इतर कोणत्याही भुवईइतकीच योग्य भुवई आहे.

मूल्यनिरपेक्ष समीक्षेची कोंडी ती हीच. 'वाईट आहे म्हणून चांगले' या वाक्यातले पहिले विशेषण काढून घ्या. दुसरे आपोआप कोसळते. प्रेक्षक हसतो याचा अर्थ त्याच्या मनात भयपट कसा असावा, नटाने कसे बोलावे, कथनात कोणाला काय ठाऊक असू शकते, याविषयीचे निकष जागे आहेत. इतके जागे की क्षणार्धात, युक्तिवादाशिवाय, ते निवाडा देतात. दिवाणखान्यात जमलेल्या दहा जणांना एकाच भुवईवर एकाच क्षणी हसू फुटते. हा योगायोग म्हणायचा की सहमती? ती सहमती शिक्षणाने, चित्रपट पाहून-पाहून, एका विशिष्ट वर्गात जन्मून घडलेली असेल; बोर्द्यू यांचे म्हणणे तेवढे मान्य करायला कोणाची हरकत नसावी. पण निकष कोठून आला हे सांगितल्याने तो खोटा ठरत नाही. तराजू बाजारातून विकत आणला म्हणून वजन चुकत नाही.

सिद्धान्तवाद्याची खरी अडचण प्रबंध लिहिताना दिसते. चित्रपट पाहताना तो इतरांइतकाच हसतो. लिहायला बसल्यावर मात्र तो रीगनकालीन कुटुंबसंस्था, ग्राहकवाद आणि दमन यांची भाषा बोलू लागतो, आणि ज्या ठिकाणी तो हसला होता ती सगळी ठिकाणे गाळतो. पहिल्या भागाला ती भाषा थोडीफार पेलते. दुसऱ्या भागावर ती लादली की चित्रपट एकाएकी हेतुपूर्ण, बुद्धिमान, म्हणजेच चांगला ठरू लागतो. काटकसरीने झालेली पुनरावृत्ती 'आत्मसंदर्भी कथन' होते. समीक्षकाने ज्याला दाराबाहेर काढले तो मूल्यविचार खिडकीतून आत येऊन बसतो, आणि तोही खोट्या नावाने. त्यापेक्षा सिस्केल बरे. त्यांचा निवाडा कठोर होता, कदाचित अन्यायकारकही. पण तो निवाडा आहे हे त्यांनी लपवले नाही आणि त्याखाली आपली सही केली.

याच मुद्द्याची उलटी सिद्धता मुद्दाम वाईट बनवलेल्या चित्रपटांतून मिळते. सणांवरच्या भयपटांना चाहते आहेत हे ध्यानात आल्यावर तसे चित्रपट ठरवून काढण्याचा धंदा सुरू झाला. १९९७ साली खुनी हिममानव आला. २००८ च्या 'थँक्सकिलिंग'मध्ये थँक्सगिव्हिंगच्या सणाला ज्याचे मांस खातात तो टर्की पक्षीच खून करीत आणि शिव्या देत हिंडतो. मूल्यभेद जर नुसता लादलेला संकेत असता, तर हे चित्रपट रिकीच्या चित्रपटाइतकेच, किंबहुना अधिक आनंददायी ठरायला हवे होते. त्यांत वाईटपणाचे प्रमाण निश्चितच जास्त आहे. प्रत्यक्षात वीस मिनिटांत ते शिळे होतात. टर्कीला भयानक रस निर्माण करायचाच नव्हता, मग घसरणार कोठून? विनोद म्हणून त्याला हसावे तर विनोदाचे निकष लागतात आणि त्यांत तो नापास होतो. फ्रीमनच्या भुवईमागे प्रयत्न होता. मराठी वाचकाला याची दुसरी बाजू 'झेंडूची फुले' (१९२५) मधून परिचयाची आहे. अत्र्यांचे विडंबन टिकले, कारण ज्या कवितेची ते खोड काढत होते तिचे छंद, तिची शब्दकळा, तिचे लाडिक हेलकावे त्यांच्या कानात पक्के बसलेले होते. ठरवून वाईट लिहिणे हा अत्र्यांचा उद्योग नव्हता. वाईट कोठे होते हे दाखवण्याचा होता, आणि त्यासाठी लेखणी चांगलीच लागते.

एक आक्षेप मात्र गंभीर आहे. या हसण्यात कोणाला तरी हसले जाते. हॅरी वा मेडवेड बंधू यांची परिस्थिती सारखी नाही : मेडवेड बंधूंनी १९८० साली 'गोल्डन टर्की अवॉर्ड्स' या पुस्तकात 'प्लॅन नाइन फ्रॉम आउटर स्पेस'ला सर्वांत वाईट चित्रपट ठरवले, तेव्हा त्याचे कर्ते एड वुड हलाखीत मरून दोन वर्षे झाली होती. असे हसणे पुष्कळदा उंचावरून खाली थुंकण्यासारखे असते, आणि त्यात वर्गाचा माज असतो, हे बोर्द्यूपंथीयांचे म्हणणे येथे अगदी खरे आहे. पण त्यावरचा उपाय निकष टाकून देण्यात नाही. भरताने हास्याचे स्मितापासून अतिहसितापर्यंत सहा प्रकार सांगितले आणि ते उत्तम, मध्यम, अधम अशा प्रकृतींत वाटून दिले. त्याचा समाजविचार आज कोणी स्वीकारणार नाही, तरी हसण्यालाही प्रत असते, ही त्यातली जाण सोडवत नाही. एड वुडच्या उडत्या तबकड्यांना हसताना त्याने त्या किती श्रद्धेने दोरीला टांगल्या होत्या हे ज्याला दिसते, त्याचे हसणे निराळे. एरिक फ्रीमन या भूमिकेनंतर लवकरच पडद्याआड गेले; चाहत्यांनी पुढे कित्येक वर्षे त्यांचा शोध घेतला. ज्याची केवळ टर उडवायची असते त्याला कोणी असे शोधत बसत नाही. त्या शोधात कृतज्ञता होती. आणि त्यांच्या अभिनयाविषयीचे मत त्या कृतज्ञतेने तसूभरही बदलले नव्हते. दोन्ही एकत्र नांदू शकतात, एवढे साधे सत्य मूल्यनिरपेक्षतेच्या सिद्धान्ताला सामावून घेता येत नाही.

अमेरिकेतल्या एका टाकाऊ चित्रपटाशी मराठी समीक्षेला काय कर्तव्य, असे कोणी विचारील. कर्तव्य असे की ही मूल्यविवेकाची लाज आता मराठीच्या वर्गांतही पोचली आहे. मर्ढेकरांनी वाङ्मयीन महात्मतेचा प्रश्न उभा केला, त्यांच्यावर आक्षेप घेणाऱ्यांनीही तो प्रश्न आहे हे मानले. वाद उत्तरांचा होता. आता लोकप्रिय कादंबरी, दूरचित्रवाणी मालिका, गल्लाभरू चित्रपट यांवर प्रबंध होतात, आणि ते व्हावेतच. पण त्यांत संशोधकाला ती कादंबरी कशी वाटली, याचा मागमूस नसतो. ती वाचताना त्याला कंटाळा आला का, तो हसला का, आणि हसला तर लेखकाने हसवले म्हणून की लेखकाचा तोल गेला म्हणून? मौखिक परीक्षेत हा प्रश्न कोणी विचारला तर विद्यार्थी ओशाळतो आणि मार्गदर्शक त्याच्या वतीने 'हे त्याच्या अभ्यासाच्या कक्षेत येत नाही' असे सांगून टाकतो. आस्वाद कक्षेबाहेर ठेवून साहित्याचा अभ्यास कसा करायचा, हे मात्र कोणी सांगत नाही.

रिकी आणि त्याची प्रेयसी चित्रपटगृहात बसलेली असतात, त्या प्रसंगात प्रेक्षागृहात आणखी एक इसम आहे. पडद्यावरच्या सांताची तो मोठमोठ्याने टर उडवीत असतो, रसभंग करीत असतो. रिकी उठतो, त्याच्या मागे जातो, आणि तो आवाज कायमचा थांबतो. आपल्याला हसणाऱ्या प्रेक्षकाला चित्रपटाने आधीच हेरले होते आणि त्याची व्यवस्थाही करून ठेवली होती. नाताळात दिवाणखान्यात जमलेली मंडळी या प्रसंगाला सर्वांत जोरात हसतात.